पोपट असलेल्या घरासाठी झाडं

माझ्या थोरल्या जाऊबाई झाडं विकतात. विकतात आपलं म्हणायचं. आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवावं याचंच तिने दुकान काढलंय, असं माझे थोरले दीर म्हणतात.

दुकान अरुंद गल्लीत आहे. एका बाजूला किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, दुसऱ्या बाजूला लॉण्ड्री. मागच्या दोन खोल्यांत जाऊबाईंचा संसार. मी सकाळी पाळणाघरात काम करते आणि दुपारनंतर त्यांच्या हाताखाली असते, कुंड्या उचल, माती कालव, पोचवायला चल. कोणी दुकानात शिरलं आणि एखाद्या झाडाकडे बोट दाखवलं की जाऊबाई किंमत सांगत नाहीत. विचारतात, "घरात कोण कोण आहे?"

लोकांना वाटतं, बाई चौकस आहे. "आम्ही दोघंच," म्हणतात.

"दोघं माणसं झाली. बाकी?"

मग कुठे मांजर निघतं, कुत्रा निघतो, ससा निघतो. पुढचा प्रश्न ठरलेला. "चघळतं, खणतं, की नुसता वास घेऊन सोडून देतं?"

मोठ्या ठिपकेदार पानांचा डिफेनबाखिया मागायला एक तरुण आला होता. जाऊबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पिल्लू घरी आणलंय ना नवीन? हे झाड नको." तो चाटच पडला. कसं ओळखलंत म्हणाला. त्याच्या पॅन्टची मोहरी कुरतडलेली होती. शेवटी अरेका पाम घेऊन गेला बिचारा, तोंड एवढंसं करून.

हे वेड त्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडे लागलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या तिथे कामाला होत्या. टेबलावर जनावर धरून ठेवायचं, मालकाला बाहेर बसवायचं, फरशी पुसायची. लिलीच्या फुलाचे कण अंगाला लागले आणि ते चाटले म्हणून मूत्रपिंड गेलेली मांजरं त्यांनी धरलीत. आणि प्रत्येक वेळी मालक तेच म्हणायचा, "पण ते तर शोभेचं झाड होतं हो." डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, तेव्हा जाऊबाईंनी हे दुकान टाकलं. बोलणं मोजकं, पण घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी खुर्चीच्या पायांकडे जाते, मग माणसांकडे.

छापखानेवाले काका पहिल्यांदा आले तेव्हा मी रोपांवर पाणी मारत होते. उंच, वाकलेले, दोन्ही कानांत मशीन. जन्मभर छापखान्यात यंत्रावर उभे राहिले, त्यात कान गेले, हे नंतर कळलं.

"झाडं हवीत," ते म्हणाले. "दाट. भिंतीसारखी."

"घरात कोण कोण आहे?"

"कोणी नाही." आणि मग जरा वेळाने, "पोपट आहे. तिचा."

जाऊबाईंनी हातातली खुरपी खाली ठेवली. कुत्रा एखादं झाड सोडून देतो, मांजराचा मूड लागतो. पोपट मात्र दिसेल ते फाडून बघतो. शिवाय पाखराचा जीव तो केवढा. "पोपट असेल तर मला घर बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. तिसरा मजला, लांबोडकं घर. दारातून आत आलो की बसायची खोली, तिच्यातून बोळ, बोळाच्या एका तोंडाला स्वयंपाकघर, दुसऱ्या तोंडाला एक बंद खोली. काकांनी दार उघडलं आणि ते पुढे चालू लागले. मी मागे होते. आतून बाईचा आवाज आला, "दार लोटून घ्या हो, वारा येतोय."

"घेतलं, काकू," जाऊबाई म्हणाल्या आणि मी दार लोटलं.

आम्ही बसायच्या खोलीत आलो. तिथे कोणी नव्हतं. खिडकीशी कंबरेएवढ्या उंचीचा पिंजरा होता आणि त्यात एक राखाडी पोपट, शेपटी तेवढी लालभडक. आमच्याकडे मान तिरकी करून बघत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि काकू?"

जाऊबाईंनी माझं कोपर दाबलं.

"तिचाच आवाज आहे," काका म्हणाले. "गेली ती. थंडी सरता सरता."

मी पोपट पुष्कळ ऐकलेत. विठूविठू करणारे, शिट्ट्या मारणारे, शिव्या देणारेसुद्धा. हे तसलं नव्हतं. पोपटाच्या आवाजात बाईचे शब्द, असं काहीच नव्हतं त्यात. एक बाई त्या खोलीत होती आणि दिसत नव्हती, बस्स. ती घसा खाकरायची तेव्हा माझी मान आपोआप वळायची. "हॅलो, बोल गं," म्हणायची, समोरचं ऐकत असल्यासारखी थांबायची, हसायची, आणि हसण्याच्या शेवटी तिला थोडा खोकला यायचा. नळाचं टपटप, किटलीची वाफ, काचेच्या कपात चमचा फिरवल्याचा आवाज, सगळं घरच्या घरी चालू होतं आणि स्वयंपाकघरातला ओटा कोरडा ठणठणीत होता.

जाऊबाई कामाला लागल्या. ऊन कुठून येतं ते बघितलं, खिडकीच्या चौकटीवर चोचीचे घाव होते त्यांवरून बोट फिरवलं. बोळाच्या तोंडाशी वर एक मनी प्लांट टांगलेला होता. "हा नको," त्या म्हणाल्या. "चोचीला लागला तर तोंडाची आग आग होईल त्याची. मी घेऊन जाते, दुसऱ्या कुणाला देईन."

त्यांनी स्टुलावर चढून कुंडीला हात घातला, आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "असू दे गं. राहू दे."

जाऊबाईंचे हात वरच्या वर थांबले. मी देवाचं नाव घेतलं. पोपट कशावरही काहीही बोलतो हे मला कळतं. पण त्या वेळी तिथे उभं राहून ते मनाला पटेना.

"नाही काकू," जाऊबाई शेवटी पिंजऱ्याकडे वळून म्हणाल्या, अगदी मान देऊन. "नेलेला बरा."

कुंडी खाली आली. कुठे काय ठेवायचं ते बोलणं सुरू झालं. स्पायडर प्लांट, फर्न, अरेका पाम. पोपटाने फाडले तरी चालतील, पोटात गेले तरी चालतील. काकांचं एकच पालुपद, पिंजरा आणि बोळ यांच्यामध्ये दाट हवं. तेवढ्यात पोपट बदलला. मी त्याच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. पिसं अंगाला घट्ट चिकटली, मान बारीक झाली, एवढा मोठा पक्षी एकदम काठीसारखा दिसायला लागला. मग एक आवाज झाला, धप्प, ओल्या फरशीवर काहीतरी जड पडल्यासारखा. आणि मग ती बाई, पण आता लांबून आल्यासारखी.

"अहो... ऐकलंत का?"

मग शांतता. कोणी उत्तराची वाट बघावी तेवढी.

"अहो, या ना जरा."

काका केव्हाच उठले होते. "आलो, आलो," म्हणत ते बोळातून स्वयंपाकघरात गेले. तिथे नळ सोडल्याचा, भांडं उचलल्याचा आवाज आला नाही. ते नुसते जाऊन उभे राहिले असणार. पिंजऱ्यातून फरशीवर नख ओढल्यासारखं खरखरलं. तेवढ्यात काका परत आले आणि त्यांनी आल्या आल्या रेडिओ मोठ्याने लावला. बातम्या चालू होत्या. कोरडे हात सदऱ्याला पुसत म्हणाले, "कुठे होतो आपण? हां. इथे दाट हवं."

जिना उतरताना मी म्हटलं, "बाई बाई, काय ते घर! मी नाही येणार परत."

जाऊबाई मनी प्लांट पोटाशी धरून उतरत होत्या. म्हणाल्या, "तो नक्कल करत नव्हता गं. घाबरला होता."

"कोण? काका?"

"पोपट."

झाडं आम्ही पोचवली. काकांनी सांगितली तशी लावली, पिंजऱ्यापासून बोळापर्यंत नुसतं हिरवं. पोपटाला मजाच झाली. जाऊबाई म्हणाल्या, बघ, आता याला दिवसभर उद्योग मिळाला. मीही ते घर विसरायला लागले होते.

मग एक दिवस काका पुन्हा दुकानात आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"आवाज अडत नाही," ते म्हणाले. "दाट झाडांनी आवाज अडतो असं ऐकलं होतं."

"रस्त्याचा अडतो थोडाफार," जाऊबाई म्हणाल्या. "घरातला नाही अडत, काका."

ते मान हलवत राहिले. इकडच्या तिकडच्या कुंड्या बघितल्यासारखं केलं. मग पाठ आमच्याकडे ठेवूनच विचारलं, "कण्हेर आहे का?"

"नाही. कशाला?"

"गॅलरीत लावीन म्हणतो."

"घरात पोपट असताना कण्हेर नको."

"तो गॅलरीत जात नाही." मग थोडं थांबून, "समजा, चुकून गेलाच. पान तोडलंच त्याने. तर त्रास होतो का? म्हणजे... वेळ लागतो का फार?"

जाऊबाई हातातल्या चिंधीने एक पान पुसत होत्या. ते पान पुसून झालं तरी त्या पुसत राहिल्या. "माझ्याकडे कण्हेर मिळत नाही," एवढंच म्हणाल्या.

काका गेले. जाऊबाईंनी चिंधी ठेवली. म्हणाल्या, "दवाखान्यात लोक असंच विचारायचे. याच आवाजात. 'त्रास होईल का हो त्याला?' पण ते जनावराला मांडीवर घेऊन विचारायचे. यांनी पाठ फिरवून विचारलं."

त्या दिवशी त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. गिऱ्हाइकाला 'घरात कोण आहे' विचारायचंसुद्धा विसरल्या. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्या चपला घालून तयारच होत्या. "चल. फर्नची माती बदलायची म्हणून सांगू."

"आणि खरं काय?"

"कण्हेर विकत कशाला घ्यायला हवी? रस्त्याच्या मधोमध लावलीय नुसती, इथून तिथपर्यंत."

जायला नको वाटत होतं, तरी गेले. त्यांना एकटीला कशी पाठवणार?

दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही ढकललं आणि ओळखीचा आवाज आला, "दार लोटून घ्या हो, वारा येतोय." या खेपेला जाऊबाई ओ न देता सरळ आत शिरल्या.

बसायच्या खोलीत फरशीभर हिरव्या रिबिनी पडल्या होत्या. पोपटाने स्पायडर प्लांटची पानं उभी चिरून टाकली होती. पिंजऱ्याचं दार सताड उघडं. पोपट त्या दारावर बसलेला. आणि दारासमोर, चोच पोचेल अशा अंतरावर, छोट्या टेबलावर काचेचा पेला आणि त्यात कण्हेरीची फांदी. गुलाबी फुलं, पानं ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केलेली. फारच सुंदर दिसत होती ती फांदी.

काका समोरच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये. किती वेळ बसले होते कोण जाणे. आम्हाला बघून दचकलेसुद्धा नाहीत.

जाऊबाईंनी घाई केली नाही. घाई केली की पाखरू बिथरतं. त्या सावकाश खोली ओलांडून गेल्या, पेला उचलला, फांदी उजेडात धरून एकेक पान उलटंसुलटं बघितलं. कुठेही चोच लागलेली नव्हती. मग फांदी पिशवीत घालून तोंड बांधलं, पेल्यातलं पाणी ओतून आल्या, टेबल पुसलं, हात कोपरापर्यंत धुतले. पदराला हात पुसत त्या दारात परत आल्या.

"त्याने उचलावी असं वाटत नव्हतं," काका म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "उचलू नये असंही वाटत नव्हतं. नुसती ठेवली. म्हटलं, त्याचं तो बघेल."

"काका, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

ते बोळाकडे बघत होते.

"त्या बंद खोलीत मी पुस्तकं बांधतो," ते म्हणाले. "जुनी, फाटलेली. दुपारचं. खळ लावायची, दोरा ओवायचा. शांततेत हात चांगला चालतो, म्हणून मशीन काढून ठेवायचो. तिला माहीत होतं. ती यायची आणि खांद्यावर टकटक करायची. त्या दिवशी आली नाही. मी बाहेर आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. सगळ्यांनी तेच सांगितलं. मीही धरून चाललो की ती पडली आणि गेली. एका क्षणात गेली. तेरावा दिवस उलटला आणि मग हा बोलायला लागला."

"मग दुपारचं मशीन काढून ठेवत जा ना, काका," मी म्हटलं. मला वाटलं मी मोठी अक्कल सांगतेय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकदा काढून ठेवलं होतं, पोरी," ते म्हणाले.

खोलीतलं ऊन पिंजऱ्याच्या पायाशी आलं होतं. पोपटाची पिसं अंगाला चिकटली. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि माझा हात धरला. काका रेडिओकडे जायला उठले. जाऊबाई म्हणाल्या, "राहू द्या. आज ऐकू या." तो धप्प आवाज. मग ती. "अहो... ऐकलंत का?" मग ती शांतता, जिच्यात कोणीतरी कान देऊन पडलेलं होतं. "अहो, या ना जरा." मग ते नख. मग पुन्हा "अहो," पण आता त्या शब्दातला नुसता 'अ' उरला होता. हे किती वेळा झालं मी मोजलं नाही. कोणी मोजू नये.

आणि त्यानंतर पोपटाने शीळ घातली. मजेत, रमतगमत, माणूस कामात गढलेला असताना स्वतःशीच घालतो तशी. पुढे जाऊन मागे येणारी, एकाच ओळीची. तिच्यामध्येच एकदा "अहो". आणि परत शीळ.

काका उभेच होते. जाऊबाईंनी विचारलं, "तुमची?"

"माझी," ते म्हणाले. "मला माहीतही नव्हतं मी शीळ घालतो."

पोपटाने पिसं फुलवली, अंग झटकलं आणि काकूंच्या आवाजात विचारलं, "चहा घेणार का?"

"हेच तर आहे," काका म्हणाले आणि खुर्चीत बसून रडायला लागले. "हेही हाच म्हणतो. हसते तीही याच्याच गळ्यातून. तो गेला तर तीही जाईल. सांगा, मी काय करू?"

जाऊबाईंनी सल्ला दिला नाही. आपल्याला सल्ला सुचतो तो लांबून. त्या घरात काही सुचतच नव्हतं. त्यांनी खरोखरच चहा केला, आणि तिघांनी मिळून तो घेतला. मग म्हणाल्या, "काही दिवस मी नेते याला. तुम्हाला वाटेल तेव्हा दुकानात येऊन बसा. तुमचाच आहे."

पिंजरा काकांनी स्वतः खाली नेला, कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत.

आता जाऊबाईंकडे एक एकाक्ष बोका आहे, सगळी गल्ली त्याला मुकादम म्हणते. माझे दीर म्हणाले, झालं, आता पोपटाचं काही खरं नाही. मुकादम पिंजऱ्याखाली आला, पुढचे पंजे वर टेकवले, आणि वरून बाईच्या आवाजात आलं, "असू दे गं. राहू दे." मुकादमाने शेपटी फुलवून जी धूम ठोकली, तो पुन्हा दुकानाच्या बाजूला फिरकला नाही. मागच्या दारानेच ये-जा करतो.

गल्लीला सवय व्हायला वेळ लागला. लॉण्ड्रीवाला विचारून गेला, दुकानात बाई कोण ठेवलीत? किल्लीवाला यंत्र बंद करून धावत आला होता, कोणी हाक मारली म्हणून. दुपारची ती हाक ऐकून त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने जाडसा कपडा आणून दिला, पिंजऱ्यावर घाला म्हणाला. जाऊबाईंनी घातला नाही.

त्यांनी काय केलं सांगते. ऊन आत आलं आणि पोपट काठीसारखा झाला की त्या हातातलं काम टाकायच्या. गिऱ्हाईक समोर असलं तरी. पिंजऱ्यापाशी जायच्या, अगदी जवळ, आणि पहिल्या "अहो"लाच म्हणायच्या, "आले, आले. काय झालं?" मग तिथेच उभ्या राहायच्या, शीळ थांबेपर्यंत. रोज. ताप आला होता तेव्हा दिरांच्या खांद्याचा आधार घेऊन आल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, तो पक्षी आहे. त्याला काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "पण हाक मारली तर ओ द्यावी माणसाने."

काका सकाळचे यायचे. पोपट "चहा घेणार का" म्हणायचा, काका "दे" म्हणायचे. दोघांचं बरं चाललेलं असायचं. ऊन कलायला लागलं की काका काठी उचलून निघून जायचे. त्यांना कोणी थांबवलं नाही.

महिने गेले. पोपटाची पिसं दुपारची तेवढी चिकटेनाशी झाली. धप्प आवाज कधी व्हायचा, कधी नाही. आणि एके दिवशी मी खताचं पोतं ओढत होते, जाऊबाई बाहेर बादली भरत होत्या, तेव्हा पोपटाने हाक मारली, "अहो... ऐकलंत का?" नंतरची ती शांतता आलीच नाही. लगेच पोपटच म्हणाला, "आले, आले. काय झालं?" जाऊबाईंच्या आवाजात. त्यांचा तो किंचित घोगरा सूर, धाप लागल्यासारखा, हुबेहूब.

जाऊबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. खाली बसल्या, पोत्यावरच.

मी शीळ येईल म्हणून कान देऊन होते. आली नाही.

दुसऱ्या दिवशी काका काठी उचलायला लागले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "आज थांबा." त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण थांबले. आम्ही त्यांना अरेका पामच्या कुंड्यांमध्ये स्टूल दिलं. ऊन आलं. पोपट बोलला. हाक आली आणि हाकेला ओ आली.

काका बघत राहिले. मग त्यांनी एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्यातलं. रुमालाने पुसलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते तसेच झाडांमध्ये बसून होते. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जात होती, किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं, आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. जाताना त्यांनी जाऊबाईंच्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं, निघालो म्हणून.

पोपट त्यांनी परत नेला नाही. त्या घरात गेला तर पुन्हा जुनं काढेल, म्हणाले. पुढे थंडीत काका झोपेतच गेले. मशीन उशाशी डबीत होतं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. झाडं आम्ही उतरवून आणली आणि घरात पाखरं असलेल्या लोकांना देऊन टाकली.

पोपट मात्र इथेच आहे. गोष्ट इथे संपली असती तर मी आणखी काही सांगितलं नसतं. पण मागच्या आठवड्यात जाऊबाई झाडं पोचवायला गेल्या होत्या आणि दुकानात मी एकटीच होते. एक बाई व्हायोलेटची फुलं बघत होती. मी सवयीने आत वळून ओरडले, "जाऊबाई, निळी शिल्लक आहेत का?" आतून उत्तर आलं, "आले, आले." मी त्या बाईला म्हटलं, येतायत, जरा थांबा. आम्ही दोघी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग मला आठवलं की आत कोणीच नाही.

त्या बाईला तशीच सोडून मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. जाऊबाई तिन्हीसांजेला टोपली घेऊन परत आल्या, चांगल्या धडधाकट. तरी मी उगाच त्यांचा हात धरला. गरम होता.

"काय गं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिंजऱ्याकडे. त्यांना सांगावं लागलं नाही. पिंजऱ्यातलं पाणी बदलता बदलता म्हणाल्या, "हे पाखरू माणसाएवढं जगतं म्हणतात. माझ्या पश्चात तू ठेवून घेशील ना याला?"

मी नुसती मान हलवली. तोंडाने काही बोलले नाही. तो ऐकत होता.